तुम्हाला पश्चात्ताप झाला नव्हता

"अखेरच्या दिवसांत ताईंचे मन पालटले होते. डोळ्यांत पाणी आणून त्या मला म्हणाल्या, 'प्रभाकर, माझे आकडे चुकले. गुरुजींच्या लाडवांनी लेकरे वाढली होती. तो कार्यक्रम मी बंद पाडायला नको होता.'"

वत्सलाबाई, हे वाक्य तुमच्या शोकसभेत उच्चारले गेले. हिंगोलीत, आपल्या संस्थेच्या सभागृहात, तुमच्या तसबिरीला हार घालून झाल्यावर. बोलणारा प्रभाकर होता. त्याला मी कामाला लावले आणि आज तो माझ्या खुर्चीत बसतो. सभागृहात बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी आनंदाने रडावे अशी त्यांची अपेक्षा असावी. ज्या वाक्याची मी अर्धे आयुष्य वाट पाहिली, ते अखेर तुमच्या तोंडी घालण्यात आले होते, आणि तुम्ही तसबिरीत असल्यामुळे त्याला हरकत घेऊ शकत नव्हतात.

तुमची हरकत मी घेतो आहे. तुमच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. आपल्या दोघांत तो शब्द कधी आला नाही आणि आता तुम्ही नाही म्हणून मी तो वापरणार नाही. मी हरकत घेतो, कारण मला खोटा विजय दिलेला खपत नाही.

सभा संपल्यावर पायरीवर चपला शोधताना प्रभाकर माझ्याजवळ आला.

"गुरुजी, तुमच्या भल्याचंच बोललो की. एवढं तोंड काहून पाडलं?"

"बाई असं म्हणाल्या नाहीत."

"म्हनाल्या असत्या, असं समजा. मेलेल्या माणसाला काय तकलीफ हाय?"

"त्या जित्या असताना तू त्यांच्यासमोर खुर्चीला पाठ टेकत नव्हतास, प्रभाकर."

तो हसला. "तुमी दोघं बी सारखेच. आता राग सोडा अन् आपल्या स्मरणिकेसाठी दोन पानं गोड लिहून द्या." मग त्याने बेत सांगितला. तुमच्या नावाने पोषण अभियान निघणार आहे. लाडू तेच, गावे तीच, फक्त फलक नवा. जो कार्यक्रम तुम्ही निरुपयोगी ठरवला, त्याच्या पायात तुमचा पश्चात्ताप घालायचा आहे. ही ती दोन पाने. गोडीचे वाचणाऱ्यांनी पाहावे.

आधी तुमच्या प्रेमळपणाचा निकाल लावू. सभेत पाच जण बोलले आणि पाचही जणांनी तुम्हाला ममताळू ठरवले. बाई, तुम्ही ममताळू नव्हतात. सरकारने किंवा संस्थेने एखादे काम केले, तर त्याने माणसांच्या जगण्यात खरोखर काही बदलले का, हे तपासणे हा तुमचा धंदा होता, आणि त्या धंद्यात ममता अडचणीची. मोजताना लेकरू रडू लागले की माझ्या कार्यकर्त्या त्याला उचलून घ्यायला धावत. तुम्ही त्याच्या टाचा फळीला टेकल्या आहेत की नाहीत, ते पाहत होतात.

ती फळी मला आजही दिसते. लहान मुलांना निजवून त्यांची लांबी मोजायची ती लाकडी फळी तुम्ही कुणाच्या हाती देत नव्हतात. शिरड शहापूरच्या एसटीत एकदा कंडक्टरने विचारले होते, "बाई, हे काय घेऊन राहिल्या? लेकराची तिरडी हाय का काय?" तुम्ही पर्स उघडत म्हणालात, "तिरडी लागू नये म्हणून हाय. लगेज फाडा." मागच्या बाकावर मी मनातल्या मनात तुम्हाला शाबासकी दिली होती. ती चुकीच्या कारणासाठी होती. मला वाटले, तुम्ही माझ्या बाजूच्या आहात. फळीने कुणाची तिरडी टळत नाही, हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक होते.

रोज सकाळी पहिले लेकरू येण्याआधी तुम्ही काट्याला ठरलेले वजन टांगून काटा तपासत होतात. मी चहाचा पेला घेऊन विचारायचो, "झाली का पूजा?" तुम्ही म्हणायचात, "झाली. देव खोटं बोलत न्हाई, गुरुजी. आता भक्तांचं बघू." भक्त म्हणजे मी. हे मला कळत होते आणि मी हसत होतो, कारण माझी खात्री होती.

खात्री का नसावी? माझा जन्म सेनगावकडच्या तांड्यातला. आमच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर दुसऱ्यांचे धान्य वाहिले. मी तांड्यातला पहिला मास्तर. नोकरी सोडून मी ही संस्था काढली ती एवढ्यासाठी, की आमच्या लेकरांचे हातपाय काड्यांसारखे राहू नयेत. दाणे, गूळ आणि भाजलेल्या डाळीचे लाडू आम्ही रोज सकाळी लेकरांना केंद्रावर बसवून खाऊ घालत होतो. लेकरे लाडू खात होती हे मी डोळ्यांनी पाहत होतो. ती वाढत होती हेही पाहत होतो. यात मोजायचे ते काय, असे मला वाटे. तरी देणगीदारांनी मोजणीचा आग्रह धरला, आणि मीच तुमचे नाव सुचवले. वसमतच्या गरीब बौद्ध घरातून संख्याशास्त्र शिकून परत आलेली बाई. ती आपल्या लेकरांच्या बाजूने असणार, असा माझा हिशेब.

तुम्ही आलात आणि पहिल्याच दिवशी म्हणालात की लाडू मिळणाऱ्या गावांइतकीच, त्यांच्यासारखीच, पण लाडू न मिळणारी गावे मोजायला हवीत. "लेकरं वाढतातच, गुरुजी. लाडवानं जास्त वाढली का, ते पाहायचं." तेव्हापासून तुमच्या कागदावर दोन रकाने झाले. एका रकान्यात माझी गावे आणि दुसऱ्यात लाडवांची वाट पाहणारी.

शेवटच्या मोजणीची सकाळ तांड्यात कुणी विसरलेले नाही. गुरुजींचे काम पाहायला आज बाई येणार, म्हणून आयांनी लेकरे सजवली होती. कुणाच्या कमरेला चांदीचा करदोडा, पायांत वाळे, गळ्यात ताईत, डोक्यावर जरीची कुंची. हे कुणी शिकवले नव्हते. पाहुण्यांपुढे लेकरू उघडेवाघडे कसे न्यायचे, एवढाच विचार. तुम्ही ओट्यावरून सगळ्यांकडे नजर फिरवलीत आणि विचारलेत, "पहिल्या वेळी अंगावर काय होतं?"

"काळा दोरा," कुणीतरी म्हणाले.

"मग आजबी काळा दोराच."

माझी वहिनी सोनीबाई पुढे झाली. तांड्यात तिच्यापुढे पुरुष आवाज चढवत नसत. "करदोडा सोडू म्हनती? जित्या लेकराचा? बाई, आमच्यात मानूस मेल्यावर करदोडा तोडतेत. तुमच्यात काय करतेत?"

"आमच्यातबी तेच."

"मंग?"

"आई, मला चांदी मोजायची न्हाई. लेकरू मोजायचं हाय."

"लेकराची कंबर मी उघडी पडू देनार न्हाई. तू काय बी कर."

मी मध्ये पडलो नाही. तुम्ही हराव्यात अशी माझी इच्छा होती. तुम्ही दुकानातून काळ्या दोऱ्याचे रीळ आणवलेत आणि जमिनीवर बसलात. प्रत्येक लेकराच्या कमरेला आधी दोरा बांधायचा, मगच आईने चांदी सोडायची, म्हणजे कंबर क्षणभरही मोकळी राहणार नाही. सोनीबाई डोक्यावर उभी राहून पाहत होती. ज्याला लोक तुमची ममता म्हणतात, ती मला आयुष्यात एकदाच दिसली असेल, तर ती त्या दिवशी: दोरा पोटाला काचू नये म्हणून गाठ मारताना तुम्ही खाली स्वतःचे बोट धरत होतात. ऊन उतरेपर्यंत हे चालले. तुमचे गुडघे धरले होते आणि सोनीबाईने शेवटी स्वतःहून तुम्हाला पाणी दिले.

चांदी उतरली, बाई, आणि तिच्याबरोबर माझा परिणामही उतरला. वाट पाहणाऱ्या गावांत कुणी लेकरांना नटवले नव्हते. तिथे अभिमान वाटावा असे आम्ही काही केलेच नव्हते. सजवलेली लेकरे तशीच तोलली असती, तर माझा कार्यक्रम यशस्वी ठरला असता, आज जिल्हाभर चालू असता आणि प्रभाकरला तुमच्या नावाने खोटे बोलावे लागले नसते. माझ्या तांड्याचा अभिमान तुम्ही काट्यावरून खाली उतरवलात. याबद्दल मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. तुमचे करणे बरोबर होते. त्याने क्षमेच्या प्रश्नात काही फरक पडत नाही.

निकाल तुम्ही याच सभागृहात वाचलात. मी सुचवले होते की आधी मला एकट्याला सांगा. तुम्ही म्हणालात, ज्यांनी काम केले त्यांना आधी कळले पाहिजे. पुढच्या रांगेत लाडू करणाऱ्या बाया बसल्या होत्या, नव्या लुगड्यांत. तुम्ही त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलेत: लाडू मिळालेली आणि न मिळालेली लेकरे सारखीच वाढली. केंद्रावर खाऊन आलेल्या लेकराला घरी आई म्हणते, "तू तर लाडू खाल्लास की," आणि त्याच्या वाटची भाकर धाकट्याच्या ताटात पडते. एका लेकराचा लाडू आईने सगळ्यांत वाटला होता. तिच्या परीने तो न्याय होता. माझ्या कार्यक्रमात त्या न्यायाला जागा नव्हती.

कमल उभी राहिली. आमच्या स्वयंपाकघराची ती मुकादम. "बाई, म्या इतकी वर्सं दाने भाजून हात पोळून घेतले. ते काय वाया गेलं म्हनता?"

"हात पोळले हे खरं हाय, कमलबाई. लेकरं त्यानं वाढली न्हाईत, हेबी खरं हाय."

तुम्ही खोटे बोलायला हवे होते असे मी म्हणत नाही, पण निदान गप्प तरी राहता आले असते. मी उठलो आणि सर्वांसमोर म्हणालो की तुम्हाला लेकरू नाही, म्हणून इतक्या थंडपणे बोलता येते. तुम्ही पाण्याचा घोट घेतलात आणि म्हणालात, "पुढचा तक्ता पाहू." ते वाक्य मी आजही परत घेत नाही. तुम्ही कमलला दिलेले उत्तर परत घेतले नव्हते. निष्ठुरपणात आपण बरोबरीचे होतो, आणि या जिल्ह्यात बरोबरीचे माणूस मला दुसरे भेटले नाही.

एक भांडण मात्र अर्धेच राहिले. मोजणी चालू असताना वाट पाहणाऱ्या एका गावात एक लेकरू गेले. मी तुमच्या दारात येऊन ओरडलो होतो, "ते लेकरू तुमच्या रकान्यात मेलं." तुम्ही दार लावले नाही. म्हणालात, "अन् तुमच्या गावातलं गेलं, ते कुणाच्या रकान्यात लिहू, गुरुजी? लाडवाच्या?" मी पायऱ्या उतरलो. पण उत्तर मी सोडलेले नाही. भूक दिसत असताना केवळ तुलनेसाठी गाव रिकामे ठेवणे हे पाप आहे. तुम्ही म्हणायचात की सगळ्यांना पुरतील एवढे लाडू माझ्याजवळ नव्हतेच, कुणीतरी वाट पाहणारच होते, मग त्या वाट पाहण्यातून निदान काही कळू द्या. तुमचे हे उत्तर बिनचूक आहे आणि मला ते मान्य नाही. आता त्यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते कळण्याची सोय राहिली नाही. हे दुःख असेल तर दुःख म्हणा. मला तो अन्याय वाटतो. वाद अर्धा टाकून जाण्याची तुमची रीत नव्हती.

कार्यक्रम बंद झाला. आपण बरीच वर्षे बोललो नाही. तुमची ख्याती मात्र माझ्यापर्यंत येत राहिली, कारण तुम्ही जिथे जाल तिथला माणूस तुमची तक्रार घेऊन माझ्याकडेच यायचा. शौचालयांच्या कामात तुम्ही बांधलेली दारे मोजली नाहीत. दारापर्यंतची वाट मळलेली आहे की तिच्यावर गवत उगवले आहे, ते पाहिलेत. मुलींना लोहाच्या गोळ्या वाटल्याचे कागद तुम्ही बाजूला सारलेत आणि मुलींशी गप्पा मारत बसलात, तेव्हा कळले की गोळ्या उकिरड्यावर गेल्या होत्या. तुम्हाला बोलावणाऱ्या प्रत्येकाला आशीर्वाद हवा होता. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगितले: "बाई वाईट आहेत. पण त्यांनी नाही म्हटलं असेल तर नाही." तुमची बाजू घेतल्याचे तुम्हाला कधी कळू दिले नाही. ते आज कळवतो. त्याची आता तुम्हाला गरज नाही, म्हणून कळवायला हरकत नाही.

आणि दुसरेही एक. या हातांनी हार पुष्कळ घेतले. हार घालणाऱ्यांपैकी एकानेही माझे काम खरे आहे का, हे पाहायची तसदी घेतली नाही. त्यांना ते खरे असो वा नसो, सारखेच. तुम्ही गुडघे मोडून जमिनीवर बसलात, कारण माझे काम खरे असण्याची शक्यता तुम्हाला दिवसभराच्या मेहनतीच्या मोलाची वाटली. माझा याहून मोठा सन्मान कुणी केला नाही आणि याहून मोठा अपमानही नाही.

आता प्रभाकरच्या अश्रूंकडे येतो. "डोळ्यांत पाणी आणून," असे तो म्हणाला. बाई, तुमच्या डाव्या डोळ्याची अश्रुनळी वर्षानुवर्षे बंद होती. तो डोळा सभेत, बाजारात, भाजी निवडताना, जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला झाडताना, सदा पाझरत असे. तुमच्या त्या डोळ्यावर विश्वास ठेवून किती जणांनी तुम्हाला हळवे मानले आणि किती जण पस्तावले, याची मोजणी तुम्हीच करायला हवी होती. प्रभाकर इतकी वर्षे तुमच्या आसपास होता आणि त्याला हे ठाऊक नाही. ज्याने तुमच्याकडे नीट पाहिले नाही, तो तुमचे शेवटचे शब्द सांगतो आहे.

तो तुम्हाला एकदा भेटून गेला, हे मात्र खरे. दुसऱ्याच दिवशी मी वसमतला आलो. दुपार होती. गल्लीत कुणाच्या तरी अंगणात हळद शिजत होती आणि तिचा वास तुमच्या खोलीत भरला होता. तुमच्या बहिणीची मुलगी सुजाता तुम्हाला चमच्याने पेज भरवत होती. तुम्ही इतक्या बारीक झाला होतात, की क्षणभर मी दुसऱ्याच खोलीत आलो असे वाटले. तुम्ही मला पाहून म्हणालात, "गुरुजी, गाडीत जागा मिळाली का उभ्यानं आले?"

"उभ्यानं."

"बरं झालं. बसून आले असते तर भांडायला जोर राहिला असता."

सुजाता हसली. मग तुम्हीच सांगितलेत की प्रभाकर काल येऊन गेला आणि तुमच्या नावाने अभियान काढायचे म्हणतो. "मी म्हटलं, मेल्यावर काढ. जितेपणी काढलंस तर मी मोजायला येईन."

हे मी इथे लिहिले, तर प्रभाकर म्हणेल की त्याने एक वाक्य रचले, गुरुजींनी दुसरे रचले. त्याचा मुद्दा मी समजू शकतो. मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलेल्या वाक्यांना साक्षीदार नसतो, आणि चटपटीत वाक्ये रचणे मलाही जमते. म्हणून मी त्या वाक्यावर माझी बाजू उभी करत नाही. माणूस बढाईसाठी खोटे रचतो, फायद्यासाठी रचतो. स्वतःची मान खाली जावी म्हणून कुणी खोटे रचत नाही. या जिल्ह्यात मला ओळखणाऱ्यांना विचारा. मी अधिकाऱ्यापुढे वाकलो नाही, पुढाऱ्यापुढे वाकलो नाही, आजारपणात डॉक्टरपुढेही आवाज खाली केला नाही. माझ्याविषयी पुढची गोष्ट छापली जावी, अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. ती मी माझ्याबरोबर नेणार होतो.

प्रभाकर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सुजाता पेजेचे भांडे घेऊन दारात उभी असताना, मी खुर्चीवरून उठलो, तुमच्या खाटेपाशी हात जोडले आणि म्हणालो की बाई, खोटे का होईना, एकदा म्हणा की थोडा तरी फरक पडला होता, आणि तुम्ही माझ्याकडे पाहत म्हणालात, "न्हाई, गुरुजी. न्हाई पडला."